एक्केचाळीस नंबरचा कागद

एक्केचाळीस नंबर? तो नाही. बाकीचे आहेत बघ, एक ते त्रेसष्ट, नाडीनं बांधून, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेत वाळवी लागू नये म्हणून — मोज हवं तर — पण एक्केचाळीस नंबर नाही. आणि तुझ्या मॅडमना ते माहीत आहे. माहीत असून त्यांनी तुला पाठवलं, दादरहून पनवेलला, या उन्हात, हातात चिठ्ठी देऊन. दे ती चिठ्ठी परत इकडे. चष्मा कुठे गेला माझा — हां, डोक्यावरच आहे. 'आदरणीय हेप्झिबाबाई' — अगं बाई, आदरणीय! सात वर्षांत एक पोस्टकार्ड नाही आणि आता एकदम आदरणीय. 'आपण मुलाकडे कायमच्या इस्रायलला जात आहात असे समजले. जाण्यापूर्वी आपल्याकडील मूळ फॉर्म, विशेषतः क्रमांक ४१, माझी विद्यार्थिनी प्राजक्ता हिच्याकडे द्यावेत.' विशेषतः! लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात, यांनी भांडंच पुढे केलंय. नाही, हसू नकोस, तुझ्यावर नाही राग माझा. तू बस. त्या ट्रंकेवर नको, तिचं झाकण लागत नाही, खुर्चीवर बस. — ए, अगं, दोन कप चहा ठेव गं, एकात साखर कमी! — ऐकते ती, बोलत नाही फारशी, पण चहा चांगला करते.

तर तुला काय सांगितलंय मॅडमनी माझ्याबद्दल? 'लोकल स्टाफ' असंच ना? तो छापलेला लेख वाचलास ना तू, त्यात शेवटी बारीक अक्षरात आहे, लोकल स्टाफचे आभार. तो लोकल स्टाफ म्हणजे मी. हेप्झिबा सॅमसन वाकरुळकर, नर्स-मिडवाइफ, रजिस्टर नंबरवाली, एकतीस वर्षं इथल्या प्रसूतिगृहात. खाडीकडची अर्धी गावं माझ्या हातांवर जन्मली — कौतुक सांगत नाही, खरंच सांगते, बाजारात गेले की दाढीमिशीवाले बाप्ये वाकून नमस्कार करतात, आणि मला आठवतं यांना मी उलटं धरून पाठीत धपाटा घातला होता. ते प्रश्न, जे आता तुम्ही सगळीकडे 'कारखानीस प्रश्नावली' म्हणून वापरता, तुझ्या पिशवीतही असेल एक — आहे ना? — ते माझे प्रश्न. इंग्लंडातून आलेला कागद होता मूळचा. डॉक्टर दमयंती कारखानीस तो घेऊन आल्या सत्त्याऐंशी साली, आणि त्याचं मराठी करून आणलेलं त्यांनी पुस्तकी — 'गेल्या सात दिवसांत आपणांस विनाकारण खिन्नता जाणवली काय?' मी म्हटलं, बाई, खिन्नता कुणाला जाणवते हो इथं? ओल्या बाळंतिणीला विचारलंत उदास वाटतं का, तर ती सासूकडे बघणार नि म्हणणार, नाय. मग मी बदलले. 'भात घशाखाली उतरतो का?' 'बाळ रडलं की आधी काय वाटतं, उचलावं, की ऐकूच आलं नाही असं दाखवावं?' अशी उत्तरं यायला लागली म्हणून सांगू, डॉक्टरीणबाई नुसत्या लिहीत सुटल्या. हेप्झिबाबाई, तुम्ही सोनं आहात, म्हणायच्या. या खुर्चीत बसून म्हणायच्या, तू बसलीस तिथंच. माझ्या हातचं मटण खाल्लंय त्यांनी नारळाच्या दुधातलं, बोटं चाटून.

आला चहा, घे. बिस्कीट घे. — ए, ऐक, पिशवी घे आणि दोन नारळ घेऊन ये बाजारातून. उद्या शुक्रवार, संध्याकाळी शब्बाथ लागायच्या आत सगळं रांधून व्हायला हवं. मागच्या दारानं जा, पुढचं रंगवलंय. आणि पाणी वाजवून आण, मागच्या वेळचा एक खवट निघाला. — जाईल ती. जरा वेळ लावते, पण जाते.

हां, तर दहावा प्रश्न. तो मी लावला नव्हता, तो मूळ कागदातलाच, पण शब्द माझे. 'आपण नसतो तर बरं, किंवा हे बाळ नसतं तर बरं, असं कधी मनात येऊन गेलं का?' त्याला डॉक्टरीणबाई आधी घाबरल्या होत्या, म्हणाल्या कोण हो म्हणेल? मी म्हटलं विचारून बघू. मला कुणी विचारलं असतं ना — येहुदा झाला तेव्हा, अठ्ठावन्न साली — जाऊ दे ते. मला कुणी विचारलं नाही. मी उशी हातात घेऊन किती वेळ पाळण्यापाशी उभी राहायचे ते सॅमसननासुद्धा कधी कळलं नाही, आणि पुढे सहा आठवड्यांनी आपोआप गेलं ते, जसं आलं तसं. म्हणून मला माहीत होतं की हा आजार आहे आणि जातो. जातो गं! झोप मिळाली, कुणी दोन दिवस पोर सांभाळलं, कुणी म्हटलं की तू वाईट नाहीस, तर जातो. म्हणून तर मी जीव तोडून केलं ते काम. डॉक्टरीणबाईंनी मला वचन दिलं होतं, त्या दहाव्या प्रश्नाला जी बाई हो म्हणेल तिला मी स्वतः येऊन बघेन, औषध देईन, घरच्यांना समजावेन. मी ते वचन पुढे दिलं बायकांना. दोन वचनं द्यायचे मी प्रत्येकीला, एक हे, आणि दुसरं, हा कागद माझ्या पिशवीतून कुठे जाणार नाही. त्रेसष्टांतल्या अकरा जणी हो म्हणाल्या. अकरा! आणि डॉक्टरीणबाई कितींना बघायला आल्या? विचार ना त्यांना. विचार. एकीलाही नाही.

मी गेले होते त्यांच्याकडे, मुंबईला. एसटीनं गेले, कॉलेजात त्यांच्या खोलीबाहेर बाकावर सव्वा तास बसले, मग आत बोलावलं, चहा मागवला, पंखा वाढवला. मी म्हटलं, एक्केचाळीस नंबरच्या बाईचं पोर काढून घेतलंय घरच्यांनी, तिला माहेरी धाडतायत, तुम्ही फक्त एकदा गावात या, डॉक्टर म्हणून उभ्या राहा, सांगा की हा आजार आहे, महिन्या-दीड महिन्यात बरी होईल. तर म्हणाल्या, हेप्झिबाबाई, आपण निरीक्षण करतोय. आपण मध्ये पडलो तर अभ्यास वाकडा होतो. मी म्हटलं वाकडा होऊ दे की! तर त्या हसल्या, असं मानेनं जरा, आणि म्हणाल्या, एक केस गेली तर गेली, ठरलेल्या त्रेसष्टांतल्या बासष्ट पुरेत. बासष्ट पुरेत! केसानं गळा कापणं म्हणतात ना, तसं वाटलं मला तिथं, त्या पंख्याखाली. कामापुरता मामा झाले होते मी. परत येताना शीवच्या पुढे कुठेतरी मला रडू आलं, शेजारच्या माणसानं खिडकी दिली बसायला. आणि आज त्यांना तीच गेलेली केस हवीय, विशेषतः. का, तर नवीन पुस्तक लिहितायत आणि अकरातली एक कमी पडतेय. बरोबर ना? तू मान खाली घातलीस म्हणजे बरोबर.

कसा हरवला? काय विचारतेस — हरवला असं मी म्हटलं का? सुटला. तुझ्या मॅडमच्या हातून सुटला. त्या दिवशी त्या माझ्याबरोबर आल्या होत्या गावात, बघायला, मी प्रश्न कसे विचारते ते. गावाचं नाव मी सांगणार नाही, तळोज्याच्या अलीकडे खाडीला लागून एक गाव आहे एवढं पुरे. एकोणनव्वद साल. त्या ओटीवर बसल्या, माझी पिशवी त्यांच्या मांडीवर, त्यात सगळे फॉर्म. मी आत. पाचवा दिवस होता — मी नेहमी पाचव्याच दिवशी जायची, ती माझी युक्ती. इतर दिवशी सासू बाजेपासून हलत नाही, पण पाचव्या दिवशी सटवीची तयारी असते, पाटा धुवायचा, हळद काढायची, शेजारच्या बायकांना सांगायचं, घरात पळापळ, आणि बाळंतीण एकटी सापडते अर्धा तास. नाळ बघायला आले म्हणायचं आणि दार लोटायचं. शेगडीवर ओवा टाकलेला, धुरानं डोळे चुरचुरतायत, आणि ती मुलगी, बावीस वर्षांची, मुलगी झालेली, भिंतीकडे तोंड करून पडलेली. पोर ओरडतेय. मी प्रश्न विचारत गेले, ती हूं-हूं करत गेली, आणि दहाव्याला ती वळली माझ्याकडे. म्हणाली, "बाय, ही पोर मना माजी वाटत नाय. रडली का असा वाटतं, नेऊन खाडीन सोडावी, आन मागना मीपन जावा." तसंच लिहिलं मी. डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता, बाईचे शब्द जसेच्या तसे. निळ्या शाईनं, स्वच्छ अक्षरात. अक्षर चांगलं आहे माझं, मिशनच्या शाळेत छड्या खाऊन झालेलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं हे जाईल गं, आजार आहे हा, मुंबईची डॉक्टरीण आहे बाहेर, ती बघेल तुला. आणि कागद? कागद कुठे जाणार नाही. ती झोपली, खरंच, माझ्यासमोर झोपली, इतक्या दिवसांनी.

आणि त्या रात्री पाट्यावर सटवीपुढे ठेवला गेला तोच कागद. तुमच्यात ठेवतात ना कोरा कागद न् पेन? सटवी येते, बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाते. माझ्या आजीनंसुद्धा माझ्यासाठी ठेवला होता म्हणे, आजोबांपासून लपवून. तर कागद कोऱ्या बाजूनं वर. ते सायक्लोस्टाइलचे फॉर्म एकाच बाजूनं छापलेले असायचे ना, मागची बाजू कोरी. सकाळी सासू कागद उचलायला गेली, बाळाच्या उशीखाली ठेवायला, आणि तिच्या हातात तो उलटला. निळी अक्षरं! तिनं किंकाळी फोडली की सटवीनं लिहिलं, सटवीनं लिहिलं. आणि धाकटा दीर, गोरख, दहावी शिकलेला, त्यानं सगळ्या जमलेल्या बायकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. 'खाडीन सोडावी.' तू डोळ्यांपुढे आण ते घर. बाळंतीण आत ऐकतेय.

नाही, सासूबाईंनी स्वतः कसा घेतला असेल? पिशवीत हात घालणारी बाई नव्हती ती. मागितला तिनं. सगळ्याच मागायच्या. "सिस्टरबाय, कागद द्या ना, सटवीला ठेवाचा हाय." तीस वर्षं मागायच्या. सिस्टरबायचा कागद लाभतो म्हणायच्या, माझ्या कागदावरची पोरं जगतात असं झालं होतं त्या बाजूला, अंगारे देणारा काशिराम भगत स्वतः सांगायचा लोकांना, कागद तिच्याकडनं आणा. मी यहुदी बाई, मला काय सटवीचं, पण मलाही बरं वाटायचं गं. मी पिशवीत कोरी वही ठेवायची खास त्यासाठी, आणि मग — मग ती वही संपली. नवीन घ्यायची राहिली. फॉर्म छापताना दहा-बारा बिघडायचे, शाई फासलेले, तिरके, त्यांची मागची बाजू छान कोरी. मी तेच द्यायला लागले. सटवीला एक बाजू पुरते, असं म्हणून मीच हसायची.

काय बघतेस अशी?

हो. मी दिला. डॉक्टरीणबाई ओटीवर बसल्या होत्या हे खरं, पिशवी त्यांच्याकडे होती हे खरं, पण मी बाहेर आले, फॉर्म हातात होता, पिशवी मागून घेतली, त्यात टाकला — सासू समोर हात पुढे करून उभी, डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, चष्मा असाच डोक्यावर — आणि हात घातला आणि जो वर होता तो काढून दिला. कोरी बाजू बघितली आणि दिला. एवढंच. पाच सेकंदांचं काम. माझ्या हातून झालं. तुझ्या मॅडमनी त्या कागदाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. हे मी सात वर्षांत कुणाला बोलले नाही, आणि तुला का बोलतेय देव जाणे, तू तर त्यांची. लिहू नकोस. पेन खाली ठेव. ठेव आधी.

चूक कुणाच्याही हातून होते. इतकी बाळंतपणं केली, कधीतरी हात चुकणारच, ते मी स्वतःला माफ केलं असतं. पण त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी गेले ना त्या घरी. पोर सासूच्या मांडीवर, चमच्यानं वरचं दूध पाजतायत, आणि बाळंतीण मागच्या पडवीत, एकटी, दूध साकळून छाती दगडासारखी झालेली. घरचे सगळे ओटीवर. तिचा नवरा भरत फॅक्टरीतून पाळी टाकून आलेला, तोही. गोरख म्हणत होता, आये, यो छापील फॉरम हाय, यावर नंबर हाय, सटवी नंबर घालते काय? शहाणा पोरगा. आणि सासू माझ्याकडे वळली, सगळं गाव बघतंय, आणि म्हणाली, "तुमीच सांगा सिस्टरबाय. तुमी दिला तो कागद कोरा व्हता का नाय?" बघ आता. एक शब्द होता माझ्याकडे. मी म्हणायचं होतं, नाही, कोरा नव्हता, ते अक्षर माझं आहे, ही बाई आजारी आहे, मी लिहून घेतलं. सटवी-बिटवी कुणी आलं नाही. संपलं असतं. चार शिव्या पडल्या असत्या मला. फार तर त्या गावात पुन्हा कुणी बोलावलं नसतं. आणि मी म्हटलं, "कोरा होता."

कोरा होता, म्हटलं मी. तीस वर्षं लाभलेल्या तोंडानं. मग गोरखचं कोण ऐकणार? सिस्टरबाय सांगतायत कोरा होता, म्हणजे सटवीनंच लिहिलं. झालं. ते तिचं बोलणं राहिलं नाही, ते पोरीचं नशीब झालं, आईच्या हातून मरणार असं लिहिलेलं. कोण ठेवील मग त्या आईला घरात? बारशाच्या आधीच तिला भावाकडे धाडली. पोरीचं नाव चिंधी ठेवलं, दृष्ट उतरावी, लिहिलेलं टळावं म्हणून. भरतनं दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं.

म्हणून मी मुंबईला धावले. आता कळलं ना? मला वाटलं डॉक्टरीणबाई येतील, इंग्रजीत बोलतील, गळ्यात ती नळी असेल, आणि मला न बोलावं लागता सगळं निस्तरेल. आणि त्या म्हणाल्या बासष्ट पुरेत. त्यांनी दगा दिलाच गं, तो दगाच, त्याला दुसरा शब्द नाही, वचन दिलं होतं त्यांनी मला. पण बघ, मला तो किती सोयीचा पडला. त्यांचा दगा मी इतकी वर्षं पुढे धरून उभी आहे आणि माझा मागे झाकलाय. जो भेटेल त्याला सांगते मुंबईच्या डॉक्टरणीनं कसं फसवलं. तुलाही तेच सांगायला बसले होते.

ती? ती भावाकडे राहिली सहा महिने. दोन महिन्यांत बरी झाली, ठणठणीत, मी म्हटलं होतं तशी. हसायला लागली, भात लावायला गेली, आणि पोर आणायला गेली तर अंगणातूनच हाकलली. मग भावजयीनं नको केलं. एक दिवस माझ्या दारात उभी. मला वाटलं शिव्या द्यायला आली. उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, तुमी बोललाव का कागद कुठं जानार नाय. मंग त्यो कुठनं गेला?" शांतपणे गं, नुसतं विचारायचं म्हणून. आणि मी दुसऱ्यांदा — मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंच्या हातून सुटला. त्या आल्या होत्या ना त्या दिवशी, पिशवी त्यांच्याकडे होती. तिनं मान डोलावली. म्हणाली, तरीच. तुमी असा करनार नाय, मना म्हाईत व्हता. आणि आत येऊन भांडी घासायला बसली.

तुला चहा दिला ना, तीच ती. द्वारका. सात वर्षं आहे माझ्याकडे. मला ताप आला की माझे पाय चेपते. सॅमसन गेले तेव्हा आमची सगळी माणसं जमेपर्यंत मयताजवळ हीच बसली होती माझ्यासोबत. येहुदा फोनवर म्हणतो, आई, तुझ्यासाठी तिनं जेवढं केलं तेवढं मी नाही केलं. आणि दर सोमवारी, मधल्या सुट्टीत, ती त्या गावच्या शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहते. एसटी नसली तर चालत जाते. खाऊ नेते. चिंधी तिला बघितलं की पळते. आजीनं सांगितलंय ना, ती बाई तुला खाडीत टाकील. या सोमवारी आली तेव्हा खाऊची पुडी तशीच परत आणलेली, मला दिली खायला.

आणि तुला हवा असलेला कागद कुठे आहे विचारतेस तर तो त्या घरात आहे. देव्हाऱ्यामागे, पिवळ्या फडक्यात. लिहिलेलं आहे म्हणून टाकत नाहीत, भिऊन. गोरख भेटतो मला कधी स्टँडवर, त्यानं सांगितलं. हसत हसत सांगितलं, सिस्टरबाय, चिंधी आता दुसरीत गेली, जोडाक्षरं धडाधडा वाचते, दुकानावरच्या पाट्या सोडत नाही. मी घरी आले आणि दोन दिवस जेवले नाही. माझं अक्षर स्वच्छ आहे गं. दुसरीच्या पोरीला वाचता येईल असं आहे.

सोळा तारखेला विमान आहे माझं. आज सहा. रोज सकाळी ठरवते, आज द्वारकेला सांगायचं, आणि मग त्या घरी जायचं, ओटीवर उभं राहून म्हणायचं, कोरा नव्हता, अक्षर माझं आहे, हे बघा लिहून दाखवते. दहा मिनिटांचं काम. रोज ट्रंक उघडते, एक साडी घडी करून आत ठेवते, आणि झाकण तसंच ठेवते. या तोंडानं तिला कसं सांगू? ती म्हणाली होती, तुमी असा करनार नाय. विमानात बसले की सुटले, असंही वाटतं, खोटं कशाला बोलू. तिकडे कोण विचारणार आहे सटवीचं. म्हणून वाटलं तुला सांगितलं तर निदान तोंड उघडेल, नंतर ती नारळ घेऊन आली की —

थांब. ती पिशवी.

ती खुंटीवर काय आहे? तुला दिसतंय ना इथून? निळ्या पट्ट्यांची. बाजाराची पिशवी आहे ती. मागचं दार वाजलं मघाशी, मी ऐकलं, मला वाटलं — तुला भांड्यांचा आवाज येत होता का इतका वेळ? नाही ना? केव्हापासून येत नव्हता?

द्वारका?

अगं, तू गेली नाहीस? उभी का तिथं, अशी दाराला धरून? ये ना आत. बस. बसत नाहीस तर नको बसू, पण अशी बघू नकोस. मी सांगणारच होते तुला. खरंच, आजच, या मुलीला विचार. शिव्या दे. भांडं फेक माझ्या अंगावर, पण बोल काहीतरी, द्वारके, एक शब्द बोल गं —

कुठे चाललीस? ... या कशाला आणल्यास? माझ्या चपला आहेत या. घरात कशाला आणल्यास, आणि पायांशी का ठेवतेस —

हो. हो, कळलं. येते. डोक्यावर पदर घेऊ दे, येते. साडेचारची एसटी मिळेल. कोरा नव्हता म्हणायचं, एवढंच ना. म्हणते. तू पुढे चाल, मी आहे मागे, हात नाही धरलास तरी चालेल.

आणि तू ऊठ, प्राजक्ता. ते पेन परत हातात घेतलंस? ठेव. फॉर्मला हात लावू नकोस, एकालाही. दादरची गाडी त्या बाजूला लागते, आम्ही या बाजूला चाललोय. तू नाही यायचं आमच्याबरोबर. जा.